दुधाचं भांडं तेवढं चांदीचं

सप्टेंबर २०२३ मध्ये पॅरिसजवळच्या एका गावात भरलेल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून मी चहा-कॉफीचा फ्रेंच सेट घेतला. चहाची किटली, कॉफीची उंच किटली, साखरेचं झाकणाचं भांडं आणि दुधाचं छोटं भांडं. अस्सल चांदीचा म्हणून ९५० युरो मोजले. चारपैकी तीन भांड्यांवर नुसता चांदीचा मुलामा होता. फ्रान्समध्ये राहणारे किंवा फिरायला येणारे आपल्याकडचे बरेच जण या बाजारांत हौसेने खरेदी करतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आई-बाबांच्या लग्नाला त्या नोव्हेंबरात चाळीस वर्षं होत होती. आई चहाची भोक्ती. तिच्यासाठी काहीतरी जन्मभर टिकेल असं न्यायचं मनात होतं. विक्रेता साठीच्या घरातला, अतिशय मृदू बोलणारा माणूस. एका वृद्ध बाईंचं घर रिकामं करताना हा सेट मिळाला, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, मुलामा की चांदी? तो म्हणाला, ‘आरझाँ मासिफ, मादाम.’ म्हणजे अस्सल चांदी. मुलाम्याच्या वस्तूला फ्रेंचमध्ये ‘मेताल आरझाँते’ म्हणतात. हा फरक मला माहीत होता, आणि तो मी विचारला होता.

मग त्याने दुधाचं भांडं माझ्या तळहातावर ठेवलं आणि भिंग दिलं. काठाजवळ बारीकसा शिक्का होता: शिरस्त्राण घातलेलं मिनर्व्हा देवीचं मुख आणि कपाळासमोर १ हा आकडा. फ्रान्समध्ये १८३८ पासून अस्सल चांदीवर हा शिक्का मारतात. जुन्या भांड्यांवर १ म्हणजे हजारात ९५० भाग चांदी, २ म्हणजे ८००. हे मी वाचलेलं होतं, आणि तो शिक्का खरा होता. त्यानंतर त्याने मोठ्या किटलीला चुंबक लावून दाखवला. चिकटला नाही. पण चुंबक तांब्यालाही चिकटत नाही, पितळेला नाही आणि आपल्याकडे जिला जर्मन सिल्व्हर म्हणतात त्या धातूलाही नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदीचा कणही नसतो. चुंबकाने लोखंडासारखे मोजकेच धातू ओळखता येतात, आणि अशा भांड्यांत लोखंड सहसा नसतंच.

किटल्या मी उलट्या करून पाहिल्या. तळाशी तिथेही बारीक शिक्के होते. त्यांना भिंग लावलं नाही. मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती, तो कागदात गुंडाळायलाही लागला होता. माझी चूक झाली ती इथे.

नवऱ्याने मराठीत विचारलं, ‘एवढं स्वस्त कसं देतोय गं?’ सेट दोन किलोच्या वर भरत होता. त्या वेळचा चांदीचा भाव धरला तर नुसत्या धातूचेच तेराशे युरोंच्या आसपास झाले असते. हा हिशोब तिथेच मोबाइलवर करता आला असता. विक्रेत्याने १२०० सांगितले होते, रोख दिले तर ९५० म्हणाला आणि मी खूश झाले.

दिवाळीच्या आधी पुण्याला गेले. आईने सेट मांडला, शेजारच्या काकूंना बोलावून दाखवला. दोन दिवसांनी साफसफाई निघाली तेव्हा देवाची चांदीची भांडी ती नेहमी घासते तशीच रांगोळीने चहाची किटलीही घासायला घेतली. थोड्या वेळाने ओल्या हातांनी किटली घेऊन माझ्याकडे आली. बुडाच्या कडेला नखाएवढी लालसर कोर उमटली होती, चोचीच्या टोकाशीही तसाच रंग. ‘अगं, माझ्या हातून काही बिघडलं का?’ तिने विचारलं. मला काही बोलता येईना.

आमच्या नेहमीच्या सराफांनी चारही भांडी मशीनवर घेतली. ‘वहिनी, हे दुधाचं भांडं तेवढं चांदीचं, टंच पंच्याण्णवच्या आसपास येतोय. बाकीच्या तिघांवर मुलामा. घासलेल्या जागी तर सरळ तांबंच दिसतंय.’

पॅरिसला परतल्यावर फोटो घेऊन सेंट-ऊआँच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात चांदीची भांडी विकणाऱ्या, या धंद्यात मुरलेल्या एका बाईंकडे गेले. त्यांनी फोटो मोठा केला आणि शिक्क्याच्या चौकटीवर बोट ठेवलं. अस्सल चांदीवर बनवणाऱ्याचा शिक्का कायद्याने शंकरपाळ्याच्या आकारातच असतो. मुलाम्याच्या वस्तूवर तो चौकोनात असतो. माझ्या तिन्ही भांड्यांवर चौकोन होता. दुधाचं भांडं दुसऱ्याच कुठल्या सेटमधलं, मिळतीजुळती नक्षी पाहून शेजारी ठेवलेलं. नंतर नीट पाहिलं तर त्याच्यावरची फुलांची माळ जास्त बारीक आणि खोल कोरलेली आहे.

काटे-चमच्यांचंही त्यांनी सांगितलं, कारण त्यातही लोक फसतात. फ्रेंच मुलाम्याच्या काट्या-चमच्यांवर ८४ असा आकडा असला तर बारा जणांच्या सेटवर मिळून ८४ ग्रॅम चांदी चढवलेली आहे एवढाच त्याचा अर्थ. जुन्या रशियन चांदीवर मात्र ८४ हा खऱ्या शुद्धतेचा आकडा असतो. काही विक्रेते हा गोंधळ मुद्दाम होऊ देतात.

मुलाम्याची भांडी वाईट असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. पॅरिसच्या शार्ल क्रिस्तोफ्ल या सोनाराने १८४२ मध्ये विजेने मुलामा चढवण्याचे हक्क फ्रान्समध्ये घेतले आणि पुढे फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियननेही आपल्या मेजवान्यांसाठी त्याच्याकडून अशी भांडी बनवून घेतली. ती सुंदर असतात आणि खरं नाव सांगून विकली तर घ्यावीतही. माझ्यासारखा सेट अडीचशे युरोंपर्यंत मिळाला असता, असं त्या बाई म्हणाल्या.

पैसे परत मिळवायचा प्रयत्न केला. ऑनलाइन खरेदीला इथे चौदा दिवसांत माल परत करायचा हक्क असतो, बाजारात किंवा जत्रेत केलेल्या खरेदीला नसतो. खोटं सांगून विकलं असेल तर खरेदी रद्द करून मागता येते, त्याला चूक कळल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. पण मागायची कोणाकडे? माझ्याकडच्या कागदावर त्याचं पूर्ण नाव नाही, धंद्याचा चौदा आकडी सिरेत नंबर नाही. मजकूर एवढाच: ‘जुना चहा-कॉफी सेट, सोळाव्या लुईची शैली.’ चांदी हा शब्दच नाही. सोळावा लुई म्हणजे अठराव्या शतकातला फ्रेंच राजा, आणि ‘शैली’ हा शब्दही जपून वापरलेला. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ चा एक हुकूम आहे, त्यानुसार वस्तू ‘सोळाव्या लुईच्या काळातली’ असं लिहिलं तर ती त्या काळातलीच असावी लागते. ‘शैली’ म्हटलं की काळाची हमी उरत नाही. त्याच हुकुमात असंही आहे की गिऱ्हाईकाने मागितलं तर विक्रेत्याने तोंडी सांगितलेला धातू, मूळ आणि जुनेपणा पावतीवर लिहून द्यावाच लागतो. मी मागितलंच नाही. ‘आरझाँ मासिफ’ हे दोन शब्द लिहून द्या म्हटलं असतं, तर तो तिथेच अडला असता.

पुढच्या सप्टेंबरात त्याच बाजारात पुन्हा गेले. त्याच्या जागी जुनी पुस्तकं विकणारी एक मुलगी बसली होती. तिला काही माहीत नव्हतं.

सेट आई-बाबांकडेच आहे. बाबा दुधाच्या भांड्यातून रोज सकाळी चहात दूध घालतात. किटली आई आता मऊ फडक्याने हलकेच पुसते, त्या लाल कोरेला बोटही लावत नाही. ती कोर तिच्यामुळे उमटली नाही हे मी तिला कितीदा तरी सांगितलंय. तरी परवा फोनवर पुन्हा म्हणाली, ‘मी घासायलाच नको होतं गं.’