उन्हाळी ट्रेकसाठी सुती सदरा की यूपीएफ टीशर्ट?

एप्रिल-मे महिन्यांत कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्याकडे निघताना अंगात काय घालावे, हा प्रश्न बहुधा दोनच पर्यायांपाशी येऊन थांबतो: घरातला पूर्ण बाह्यांचा पातळ सुती सदरा, किंवा ‘यूपीएफ ५०’ असा शिक्का असलेला, टोपी जोडलेला पॉलिएस्टरचा टीशर्ट. यूपीएफ म्हणजे कापड उन्हातील अतिनील किरण किती अडवते याचे माप; यूपीएफ ५० असलेल्या कापडातून या किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, त्वचेपर्यंत पोहोचतो. विरळ विणीच्या पांढऱ्या सुती कापडाचा यूपीएफ पुष्कळदा दहाच्याही खाली असतो आणि ते घामाने भिजले की आणखी घसरतो.

तरीही सुती सदरा सहजासहजी हार मानत नाही. तो सैल असल्यामुळे आत वारा खेळतो, आणि कोरड्या हवेत ओल्या सुताचा गारवा खरोखरच सुखावतो. अडचण होते ती सॅकच्या पट्ट्यांखाली, कारण तिथे घाम मुरतो, कापड जड होऊन खांद्याला घासू लागते आणि वाळल्यावर पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. पॉलिएस्टर झटपट वाळते, मात्र दुसऱ्या दिवशी त्याला येणारा वास सहप्रवाशांनाही सोसावा लागतो, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

सावलीविना दिवसभर चालायचे असेल, तर माझी पसंती यूपीएफ टीशर्टलाच आहे, कारण त्याच्या टोपीमुळे मान आणि कानही झाकले जातात. सकाळी दहापूर्वी उतरून येणाऱ्याने मात्र नवी खरेदी न करता घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल सुती सदरा घालावा.