पांढरी दोनपासून जॅझ: माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’

जॅझ ऐकायला कुठून सुरुवात करावी, असं माझ्याकडे पेटी शिकणारी मुलं विचारतात तेव्हा मी एकच अल्बम सांगते: अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. साल १९५९, रचना पाच, एकूण वेळ पाऊण तास. लांबलचक याद्या मी देत नाही. शंभर तुकड्यांच्या प्लेलिस्टमधून जॅझचं वातावरण कळतं, पण वादक काय करतोय ते कळत नाही, आणि खरी गोडी तिथेच आहे.

पुष्कळ जाणकार म्हणतात, इतिहासाच्या क्रमाने जा, लुई आर्मस्ट्राँगच्या १९२५ नंतरच्या ‘हॉट फाइव्ह’ या वादकसंचाच्या रेकॉर्ड्सपासून सुरू करा. त्या थोर आहेतच. पण ख्याल कधीही न ऐकलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळातल्या गायिका गौहरजानच्या तीन मिनिटांच्या तबकड्या लावून देण्यासारखं ते आहे. खरखरीतून स्वर वेचायला कान आधी तयार लागतो. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येतं आणि कुणालाही घाई नाही.

आपल्या कानाला हा अल्बम लवकर जवळचा वाटतो, त्याला कारण आहे. त्याआधीच्या दशकातल्या जॅझमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ) भराभर बदलायच्या आणि वादकाचं निम्मं लक्ष तो बदल गाठण्यात जायचं. डेव्हिसने ती गर्दी कमी केली आणि वादकाला बराच वेळ एकाच स्वरसमूहावर राहू दिलं. पहिली रचना ‘सो व्हॉट’ घ्या. पेटीवर पांढरी दोन (पाश्चात्त्य D) हा सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. गंधार-निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे आपला काफी थाटच (थाट म्हणजे सात स्वरांचा संच). पहिले सोळा बार (चार मात्रांचा एक बार) याच स्वरांवर जातात. मग सा उचलून अर्ध्या स्वराने वर, काळी दोनवर जातो, त्या नव्या सावरूनही काफीचेच स्वर, आठ बार. शेवटचे आठ पुन्हा पांढरी दोनवर. असं बत्तीस बारांचं आवर्तन संपलं की परत पहिल्यापासून. यात राग मात्र शोधू नका. चलन नाही, वादी-संवादी नाही, आणि मध्येच सा बदलणं आपल्या मैफलीत कुणी खपवून घेणार नाही. पण पहिल्या ऐकण्याला थाटाचा आधार पुरतो.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बास ऐकूच येत नाही. हेडफोन लावा. सुरुवातीला पियानो आणि बास ठेक्याविना थोडं बोलतात, मग पॉल चेंबर्सचा बास मुखडा वाजवतो आणि बाकीचे त्याला दोन कॉर्डचं उत्तर देतात. ते उत्तर अर्ध्या स्वराने वर सरकतं तो क्षण पकडायला शिका. मुखडा संपताना ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक जोरदार आघात करतो. तिची आस माइल्सच्या ट्रम्पेटच्या पहिल्या स्वरांखाली रेंगाळत राहते. तिथून बार मोजायला लागा. माइल्सची दोन आवर्तनं, मग जॉन कोल्ट्रेनची दोन, मग कॅननबॉल ॲडर्लीची दोन; दोघेही सॅक्सोफोनवर. माइल्स मोजके स्वर लावतो आणि मधली जागा रिकामी सोडतो. डाव्या कानात कोल्ट्रेन येतो तो जणू प्रत्येक स्वराची चौकशी करत, उजव्या कानात कॅननबॉल मोकळा, ब्लूजच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या एका शैलीच्या) लाडिक मींडेसारख्या ओढी घेत. आवर्तन तेच, स्वर तेच, माणसं तीन. एवढं कानाला कळलं की जॅझची सगळ्यात मोठी अडचण, ‘हे नुसतं काहीही वाजवतात का?’, ती संपते.

‘फ्रेडी फ्रीलोडर’ हा सरळ ब्लूज. बाकीच्या रचनांत पियानोवर बिल इव्हान्स आहे, इथे मात्र विंटन केली. ‘ब्लू इन ग्रीन’ छोटी आणि उदास, पहिल्या फेरीत तिच्यातली आवर्तनं कळली नाहीत तरी चालेल. ‘ऑल ब्लूज’ सहाच्या वजनात झुलते, पायाला पांढरी पाचवरचे खमाजचे स्वर. दादरा, ठुमरी ऐकणाऱ्याला ती सगळ्यात आधी आवडते असा माझा अनुभव आहे.

आता विकत घेताना बघायची गोष्ट. न्यूयॉर्कच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवशी हे ध्वनिमुद्रण झालं. मार्चमध्ये टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं, ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की स्वर चढतो, त्यामुळे रेकॉर्डच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना कित्येक वर्षं किंचित चढ्या स्वरात विकल्या गेल्या. जुनी प्रत लावून पेटी जुळवायला बसलात तर पांढरी दोन जुळणार नाही. १९९७ च्या आवृत्तीत वेग दुरुस्त केलेला आहे, तीच घ्या. ऑनलाइन ऐकणार असाल तरी आवृत्तीचं साल बघा.

त्या आवृत्तीत अल्बममधल्या शेवटच्या रचनेचा, ‘फ्लॅमेन्को स्केचेस’चा, आणखी एक टेक (त्याच रचनेचं वेगळं ध्वनिमुद्रण) मिळतो, आणि माझ्या मते त्यासाठीच ती घेण्यासारखी आहे. या रचनेला ठरलेली सुरावट नाही. पाच स्वरसमूह एका ठराविक क्रमाने, आणि प्रत्येकावर किती वेळ राहायचं ते वादकाने ठरवायचं. हे आराखडे माइल्सने ध्वनिमुद्रणाच्या काही तास आधीच केले, असं इव्हान्सने अल्बमच्या मागच्या मजकुरात लिहून ठेवलंय. दोन्ही टेक लागोपाठ ऐका. एकेकाने कोणत्या स्वरसमूहावर किती वेळ काढला, पुढे सरकायचं कधी ठरवलं, वहीत लिहा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हाच गृहपाठ देते. मुख्य टेकमधला शेवटचा ट्रम्पेटचा भाग तरी दोनदा ऐका.