मोरजीच्या वाळूवर 20-60x80 स्कोप: पैसे कशाचे, आणि कशाचे नाहीत

गोव्यात शापोरा नदी मोरजीला समुद्राला मिळते तिथं ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर ऑक्टोबर ते मार्च चिखल्यांचे (प्लोव्हर पक्ष्यांचे) थवे असतात. बहुतेक पक्षी शंभर-दीडशे मीटरवर. 8x42 (8 पट मोठं दाखवणाऱ्या, 42 मिमी भिंगाच्या) दुर्बिणीत चिखल्या आहे एवढं कळतं, कोणता ते अनेकदा कळत नाही. मधल्या किमतीचा, तिरक्या आयपीसचा 20-60x80 स्कोप, म्हणजे 20 ते 60 पट मोठं दाखवणारी, 80 मिमी भिंगाची एका डोळ्याची दुर्बीण, इथं कामाचा आहे. पण जाहिरातीत 60 हा आकडा सगळ्यात मोठा छापतात, आणि नेमका तोच निरुपयोगी.

हिशोब साधा आहे. 80 भागिले 60, म्हणजे डोळ्यात जेमतेम 1.3 मिमीचा प्रकाशझोत, म्हणून चित्र अंधुक. 25 वर हाच 3.2 मिमी. शिवाय ऊन चढलं की वाळूवरची हवा थरथरू लागते, आणि झूम वाढवाल तेवढी थरथर वाढते. काच कितीही महाग असली तरी यावर इलाज नाही. झूम 25-30 वर ठेवा आणि उजाडल्या उजाडल्या पोचा: किनारा पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळी प्रकाश तुमच्या पाठीमागून येतो. वेळ चढत्या भरतीची निवडली तर पाणीच पक्ष्यांना जवळ ढकलतं.

स्कोपचे पैसे वसूल होतात ते ग्रेटर आणि लेसर सॅन्ड प्लोव्हर या दोन सारख्या दिसणाऱ्या चिखल्यांपाशी. (नव्या याद्यांत लेसरचे तिबेटन आणि सायबेरियन असे दोन भाग झालेत.) हिवाळ्यात दोघंही मातकट-पांढरे, रंगाच्या मागे लागू नका. पक्षी पूर्ण आडवा उभा राहीपर्यंत थांबा आणि चोचीची लांबी चेहऱ्यावरच मोजा: चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर हे माप. चोच त्याहून स्पष्ट लांब असेल आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असेल, तर ग्रेटर. जेमतेम तेवढीच किंवा आखूड आणि बोथट असेल, तर लेसर. ग्रेटरचे पाय लांब, बहुधा फिकट; लेसरचे गडद. पण ओल्या चिखलाने सगळ्यांचेच पाय काळे होतात, म्हणून पायांचा रंग शेवटी. मानेमागे पांढरी पट्टी दिसली तर तो या दोघांपैकी नाही, बहुधा केंटिश प्लोव्हर; मापं घ्यायची गरजच नाही. पक्षी तिरका किंवा पिसं फुगवून बसलेला असला की हे माप हमखास फसतं.

वागणूक पाहायला मात्र स्कोप वाईट. 20 वरसुद्धा शंभर मीटरवर जेमतेम साडेतीन-चार मीटरचा पट्टा दिसतो. लाटेच्या पुढे-मागे पळणारा सॅन्डर्लिंग त्यात दोन सेकंद टिकत नाही, आणि त्याची ओळख तर त्या पळण्यातच आहे. चिखल्या नजरेनं शिकार करतो: धावतो, थबकतो, टिपतो. डनलिन मान खाली घालून शिलाई मशिनसारखा टोचत जातो. वाकलेल्या अंगानं वेडावाकडा धावणारा, आखूड पिवळट-नारिंगी पायांचा, वर वळलेल्या चोचीचा दिसला की टेरेक सॅन्डपायपर. थवा उडाला की पांढऱ्या कमरेचा कर्ल्यू सॅन्डपायपर आणि कमरेवर मधोमध काळी रेघ असलेला डनलिन वेगळे पडतात, तेही दुर्बिणीतच. म्हणून आधी दुर्बीण, मग स्कोप. एकाचेच पैसे असतील तर 8x42 घ्या.

ट्रायपॉडवर कंजूषी करू नका. समुद्राच्या वाऱ्यात हलका ट्रायपॉड हलतो आणि दोष स्कोपच्या माथी जातो. मधला दांडा वर काढू नका, पिशवी खाली लटकवा. पायांचा सर्वांत खालचा बारीक भाग जोडापर्यंत वाळूत रोवू नका. फिरवून घट्ट होणाऱ्या जोडांत वाळू शिरली की ते अडकतात. परतल्यावर पाय गोड्या पाण्यानं धुवा. पावसाळ्यात स्कोप कापडी खोळीत पडून राहिला तर काचेवर बुरशी धरते, त्यामुळे सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.

खूप चालणार असाल तर 65 मिमीचा पाहा: वजन कमी, आणि 25 वर तरीही 2.6 मिमी प्रकाश मिळतो.