आठ महिने स्मार्ट व्हीलचेअरवर: भिंत दिसते, नाली दिसत नाही

फेब्रुवारीत खुर्ची आली, आता ऑक्टोबर लागला. नागपूरचा मे आणि पावसाळा दोन्ही काढून झाले, म्हणून आता लिहितो.

मानेच्या मणक्याला मार लागल्यापासून माझी बोटं वळत नाहीत, जॉयस्टिक तळहाताने ढकलतो. खुर्ची बनायच्या आधी कंपनीचा इंजिनीअर खामल्याला घरी आला, दारं-पॅसेज टेपने मोजले आणि लॅपटॉपवर माझंच घर उभं केलं, म्हणजे सिम्युलेशन. जॉयस्टिक खरी, खुर्ची पडद्यावर. तीन संध्याकाळी मी पडद्यावरचा फ्रिज ठोकत होतो. आई मागून म्हणायची, "अरे बावा, फ्रिज तरी वाचव!" पण त्यातूनच कळलं की माझा हात उजवीकडे ओढतो. थरथर किती गाळायची, वेग किती हळू चढवायचा, हे तिथेच ठरलं. खऱ्या फ्रिजला आजवर एक ओरखडा नाही. या कामाला माझ्याकडून पूर्ण गुण.

घराबाहेरची गोष्ट वेगळी. सेन्सर आडवे बघतात. भिंत, खांब, गाय असली की त्यांनी सोडलेली लाट आपटून परत येते, खुर्ची थांबते. उघड्या नालीवरून काहीच परत येत नाही, मग खुर्चीला वाटतं रस्ता मोकळा आहे. जुलैत पुढचं छोटं चाक नालीत गेलं, गल्लीतल्या पोट्ट्यांनी उचललं. फोन केला तर इंजिनीअर म्हणाला, "काका, आमच्या मॉडेलमध्ये जमीन सपाटच आहे." (काका! मी अडतीसचा आहे.)

पण माणूस कामाचा. येऊन नाली मोजली, मॉडेलमध्ये खणली, सेन्सर किती खाली झुकवायचा ते तिथेच करून पाहिलं. आता नालीआधी थांबते. साचलेल्या पाण्यापुढेही उगाच थांबते, ते चालवून घेतो.

सिमेंट रोड झाल्यापासून आमचं दार रस्त्याच्या आठ इंच खाली. एकास बारा उताराने रॅम्प आठ फुटांचा होतो. गवंडी चार फुटांत बसवतो म्हणत होता. पडद्यावर तसा रॅम्प चढवून पाहिला, खुर्ची मागे कलंडली. गवंडी गप्प. शेवटी अंगणात वळवून आठ फूट बसवले.

मेट्रोत काही त्रास नाही. उन्हात ठेवलेली काळी रेक्झिनची सीट मात्र भाजते.

खरी तक्रार मारबतीच्या दिवसाची (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे निघते ती मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक). इतवारीत चारी बाजूंनी माणसं, म्हणजे खुर्चीच्या हिशेबाने चारी बाजूंनी भिंत. जागची हलेना. अशा वेळी सेन्सर बंद करायचं बटण आहे, पण खुर्चीच्या हाताखाली, शेंगदाण्याएवढं, आणि ते बोटानेच दाबायचं! सिम्युलेशनमध्ये ते बहुतेक माउसने दाबलं असणार. शेवटी भावाने दाबलं, तोवर पिवळी मारबत पुढे निघून गेली होती.

कोपराने दाबता येईल असं मोठं बटण दिवाळीआधी लावून देतो म्हणालेत.