वेटलिफ्टिंगचे बूट घेतले: स्क्वॉट किती सुधारला, किती नाही

आधी किंमत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढं वाचायचं नाही ते सुटतील. सहा हजार आठशे रुपये. भारतीय कंपनीचे, ऑनलाइन मागवलेले, काळे, वर लाल पट्टा, टाच 20 मिलिमीटर. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांना चपला आल्या असत्या. त्याचं काही चूक नाही. मला मात्र हे बूट पटलेत. ते का पटले हे नीट सांगायला हवं, कारण ज्यांना यांची गरजच नाही अशी माणसं भरपूर आहेत आणि विकणारा तुम्हाला ते सांगणार नाही.

मी सांगलीची, बँकेत काउंटरला बसते, चाळिशी जवळ आलीय. आमच्या भागात वजन उचलणं हे काही नवं खूळ नाही. 2014 साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुरुंदवाडच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी ब्राँझ आणलं. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये आमच्या संकेत सरगरनं 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्य घेतलं, सुवर्ण एका किलोनं हुकलं. आमच्या जिममध्ये त्यामुळं ट्रेडमिलपेक्षा लाकडी प्लॅटफॉर्मला मान जास्त. तिथं शिकवणारे सर विद्यापीठाच्या संघातून खेळलेत, माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना सर.

माझी अडचण एकच, पण चिवट. स्क्वॉट म्हणजे बार, वजनाचा लोखंडी दांडा, खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. बसायला लागले की मांड्या जमिनीला समांतर व्हायच्या आधीच टाचा सुटायच्या. मग सगळा भार चवड्यांवर, बार पुढं, आणि उठताना कंबर आधी वर, खांदे मागून. सर बाजूला उभे राहून म्हणायचे, "ताई, टाच उचलतीया बघा." मला ते कळतही नव्हतं, कारण माझ्या पायांना तसं बसणंच ठाऊक. बाबा तालमीत जाणारे. त्यांनी लहानपणी आम्हा दोघी बहिणींना सोप्यात उभं करून बैठका शिकवल्या होत्या. बैठकेत टाच वर येतेच, हात मागून पुढं झुलतात, चवड्यावर उसळी घेऊन उठायचं असतं. खांद्यावर ओझं नाही आणि मारायच्या शे-दोनशे, तिथं ती पद्धत अगदी चोख. खांद्यावर 20 किलोचा बार आला की तीच सवय आडवी येते, कारण वजन पायाच्या मधोमध राहायला हवं आणि चवड्यावरचा माणूस डुलतो.

सवय हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं घोट्यात होतं. सरांनी एक तपासणी करून घेतली, ती घरी कुणालाही करता येते. भिंतीकडे तोंड करून एक गुडघा जमिनीला टेकायचा. दुसऱ्या पायाचा अंगठा भिंतीपासून दहा-बारा सेंटीमीटरवर ठेवायचा आणि टाच जमिनीला चिकटवून गुडघा भिंतीला लावायचा. लागला तर घोटा पुरेसा वाकतो. माझा डावा कसाबसा लागला. उजवा दोन बोटं अलीकडेच अडला. कॉलेजात असताना तो स्कूटीवरून पडून मुरगळला होता, प्लॅस्टर काढल्यावर व्यायाम कुणी सांगितले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

घोटा वाकत नसला की नडगी पुढं कलत नाही. नडगी उभीच राहिली की तोल सांभाळायला नितंब मागं जातात आणि धड पुढं झुकतं. ते किती झुकायचं यालाही हद्द आहे, मग टाच सुटते. हा सगळा हिशेब सरांनी जमिनीवर खडूनं रेघा मारून दाखवला. उंच टाचेच्या बुटाचं काम एवढंच: नडगी पुढं कलायला थोडी जागा काढून द्यायची. टाच वर असली की घोट्याला तेवढंच कमी वाकावं लागतं, गुडघा पुढं जातो, धड जास्त उभं राहतं.

बूट घ्यायच्या आधी फुकटातले उपाय केले. टाचेखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेटा ठेवून बघितल्या. त्या लोखंडी, कडेला गोल, पाय जरा बाजूला गेला की खालून हलतात. हलक्या वजनाला ठीक, पण लक्ष निम्मं प्लेटांकडे. मग गल्लीतल्या सुताराकडून सागाच्या तुकड्याची पाचर तासून घेतली, वर सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. हे काम झकास झालं. मी तर म्हणेन, ज्याला शंका आहे त्यानं आधी पाचरीवर महिनाभर बसून बघावं. टाच वर गेल्यावर स्क्वॉटमध्ये फरक पडला नाही, तर बुटानंही पडणार नाही, तुमचं दुखणं दुसरीकडं आहे. मला फरक पडला, पहिल्या सेटलाच. अडचण एवढीच की पाचरीवर पाय बरोबर त्याच जागी परत ठेवता येत नाही. रॅकमधून, म्हणजे बार टेकवायच्या घोडीवरून, बार काढून दोन पावलं मागं यायचं आणि मग न बघता पाचरीवर चढायचं, हा प्रकार वजन वाढल्यावर धोक्याचा.

आता बूट. खोक्यातून काढल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती वजन आणि टणकपणा. टाचेवर अंगठा दाबा, काही होत नाही. माझे पळायचे बूट शेजारी ठेवून दाबले तर अंगठा आत. पळायच्या बुटांनाही टाच पुढच्या भागापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असते, म्हणून काहींना वाटतं की तेच चालतील. पण तो फोम. बार खांद्यावर आला की तो दबतो, तोही सगळीकडे सारखा नाही, आणि पाय आत-बाहेर लटपटतो. वेटलिफ्टिंगच्या बुटाची टाच पूर्वी लाकडाची किंवा चामड्याचे थर रचून केलेली असायची, आता बहुतेक कडक प्लॅस्टिकची असते. माझ्यातलीही तीच. फरशीवर चालताना टकटक वाजते. जिममधली पोरं पहिल्या दिवशी म्हणाली, "मॅडम, इन्स्पेक्शनला आल्या काय?"

खरेदी करताना नुसती टाचेची उंची बघू नका. पुढच्या भागाचीही जाडी असते. टाच वजा चवडा, हा फरक कामाचा. जाहिरातीत टाचेची एकूण उंची मोठ्या अक्षरात आणि हा फरक खाली कुठंतरी बारीक, किंवा नाहीच. विक्रेत्याला विचारून घ्या. साधारण 20 मिलिमीटरचा फरक हा नेहमीचा.

पायावरचा पट्टा वेल्क्रोचा. लेस बांधून वर पट्टा ओढला की पाय बुटात जखडल्यासारखा बसतो, आणि त्यातच मजा आहे. खाली बसताना अंगठ्याचा तळ, करंगळीचा तळ आणि टाच, तिन्ही जमिनीत रोवल्यासारखे कळतात. सर नेहमी म्हणायचे "तीन ठिकाणी दाब द्या", ते मला अनवाणी कधी उमगलं नव्हतं. कडक तळव्यामुळं कोणता कोपरा उचललाय ते लगेच समजतं.

व्हिडिओ हा या सगळ्याचा पुरावा. फोन बाकड्यावर, कमरेच्या उंचीला, बरोबर बाजूनं. बुटाआधीच्या व्हिडिओत बार खाली जाताना पुढं वाहत जातो आणि वर येताना वाकडी वाट काढतो. बुटांनंतरच्या व्हिडिओत तो पायाच्या मधल्या भागावरून जवळजवळ सरळ उतरतो. खोलीही वाढली: मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या कडेखाली जातो, पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत पंच हेच बघतात. वजन मात्र वाढवलं नाही, उलट उतरवलं. नवीन ढबीत पाय बसेपर्यंत नुसता बार, आणि तळाशी दोन सेकंद थांबून उठायचं. हे थांबणं फार छळतं. दोन सेकंदात लबाडी पकडली जाते.

इथं गुडघ्यांचं एक सांगते. बूट घातल्यावर गुडघा पायाच्या बोटांच्या पुढं जातो. ते बघून आमच्या बँकेतली एक ताई घाबरली, कारण तिला कुणीतरी सांगितलंय की गुडघा बोटांच्या पुढं गेला की गेलाच कामातून. 2003 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता: स्क्वॉट करणाऱ्यांच्या पुढं फळी उभी करून गुडघे पुढं जाऊ दिले नाहीत. गुडघ्यावरचा ताण काहीसा घटला, पण नितंबाच्या सांध्यावरचा कितीतरी पटीनं वाढला, कारण धड पुढं झुकलं. ओझं कुठंतरी जाणारच. उंच टाच ते थोडं गुडघ्यांकडे सरकवते, आणि ज्याचे गुडघे आधीच दुखतात त्यानं म्हणूनच डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारल्याशिवाय हे बूट घेऊ नयेत.

आता बुटांनी काय केलं नाही ते. उठताना माझे गुडघे आत येतात, ते अजूनही येतात. त्याला बूट काही करू शकत नाही. त्यासाठी सरांनी मांड्यांना रबरी पट्टा बांधून हलके सेट करायला लावले, आणि "गुडघं करंगळीकडं" हे दोन शब्द बार उचलायच्या आधी मोठ्यानं म्हणायचे. लाज वाटते, पण उपयोग होतो. श्वास हा दुसरा मुद्दा. पोटात हवा भरून, पोट चहूबाजूंनी ताठ करून मग खाली जायचं आणि अवघड टप्पा ओलांडल्यावर सोडायची, हे मला अजून प्रत्येक वेळी आठवून करावं लागतं. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हे श्वास रोखणं आपल्या मनानं करू नये. बारची जागाही बुटाचं काम नाही. मी मानेच्या हाडावर ठेवत होते, सरांनी दोन बोटं खाली, खांद्याच्या मांसल भागावर आणला, तेव्हा मान दुखायची थांबली. तो उपाय फुकट होता.

म्हणजे सहा हजार आठशेमध्ये काय आलं? टाच सुटणं थांबलं, धड उभं राहिलं, खोली मिळाली. सरांची नजर बुटासोबत येत नाही. माझा अंदाज, कुणी बघणारं नसतं तर मी त्याच आत येणाऱ्या गुडघ्यांवर आणखी वजन चढवलं असतं, फक्त जास्त खोल बसून.

आणि घोटा? बूट घेतले म्हणून तो सोडून द्यायचा नाही. भिंतीपाशी रोज थोडा वेळ गुडघा पुढं दाबते, भाजी शिजेपर्यंत. उजव्या पायाची दोन बोटं आता एका बोटावर आलीत.

तक्रारी. पहिली आणि मोठी: बायकांची मापं. मला चार नंबर लागतो. बहुतेक कंपन्यांची मापं पाच-सहापासून पुढं सुरू होतात, खाली काही असेल तर "स्टॉक नाही". शेवटी पाच नंबर घेतला, आत जादा तळवा घातला आणि जाड मोजे. तरी डाव्या टाचेत किंचित ढिला आहे. या बुटात ढिलेपणा म्हणजे अर्धे पैसे पाण्यात. पाय संध्याकाळी मोजा, कागदावर उभं राहून पेन्सिलनं आखून, सेंटीमीटरमध्ये, आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. आपल्याकडचे पाय पुढं पसरट असतात, तेव्हा चवड्याची रुंदीही विचारा. दुसरी तक्रार वेल्क्रोची: त्यात केस, धागे, खडूची पूड सगळं अडकतं, जुन्या टूथब्रशनं साफ करावं लागतं. नवे असताना गोंदाचा वास आठवडाभर गेला नाही. पावसाळ्यात तर पिशवीतून न्या आणि तिथंच बदला, ओल्या फरशीवर हे घसरतात.

एक गोष्ट दुकानदार कधीच सांगत नाहीत: हे बूट सगळ्या व्यायामाला घालायचे नसतात. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहायच्या व्यायामाला, मी ते काढते. टाच उंच असली की वजन चवड्याकडे ढकललं जातं आणि बार दोन सेंटीमीटर जास्त उचलावा लागतो. त्याला सपाट कॅनव्हासचे बूट बरे, किंवा मोजे घालून. पळणं, दोरीच्या उड्या तर विचारूच नका.

कुणी घ्यावेत? भिंतीच्या तपासणीत ज्याचा गुडघा अडतो, पाचरीवर ज्याचा स्क्वॉट सुधारतो, आणि जो आठवड्यातून दोन-तीनदा तरी नेमानं बार खांद्यावर घेतो, त्यानं. ज्याचा घोटा छान वाकतो, जो अनवाणी टाच टेकवून तळापर्यंत बसतो, त्याला गरज नाही. आमच्या जिममध्ये शेतावर काम करणारा एक पोरगा आहे, तो उकिडवा बसून चहा पितो, टाच जमिनीला, पाठ सरळ. त्याला मी हे बूट घालायला दिले, आणि तो म्हणाला, "ह्यात बसल्यावर म्होरं पडल्यागत होतंय." त्यानं काढून परत दिले, बरोबर केलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो मापांसाठी. तसाच एक आमच्या जिमचाही कापायला हवा: 15 किलोचा बायकांचा बार तिथं नाही, आम्ही चौघी 20 किलोच्या बारवर शिकतो, आणि तो 28 मिलिमीटर जाडीचा दांडा माझ्या मुठीत नीट मावत नाही, बायकांचा 25 चा असतो. सर म्हणतात दिवाळीनंतर बघू. चौघींनी वर्गणी काढायची तयारी दाखवलीय.