मनगटावरच्या कॅलरी: कोकण किनाऱ्यावर नऊ महिने वापरल्यानंतर

वापर नोव्हेंबर ते जुलै. थंडीचे दिवस, मे महिन्याचा उकाडा आणि भर पाऊस, तिन्ही त्यात आले. साधनं दोन: एक मध्यम किमतीचं घड्याळ, ज्यात हिरव्या दिव्यांनी ठोके मोजणारा सेन्सर, जीपीएस आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे, आणि दुसरा छातीला बांधायचा पट्टा. वापरणारे दोघं, एक 65 किलोचा चाळिशीतला पुरुष आणि एक 55 किलोची स्त्री. चालणं-धावणं बहुतेक रत्नागिरीत: मांडवीचा रस्ता, भाट्याची पुळण (वाळूचा किनारा), जांभ्याच्या पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या चढाच्या वाटा). कधीमधी सायकल.

निष्कर्ष आधी सांगतो. ठोके आणि अंतर मोजायला हे साधन उत्तम आहे. कॅलरीचा आकडा मात्र जसाच्या तसा वहीत उतरवू नये. तो चुकतो, आणि आपल्या किनाऱ्यावर ठरावीक दिशांनी चुकतो. त्या दिशा कळल्या की आकडा उपयोगी पडतो. (इथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, रोजच्या बोलण्यातली.)

यात कंपनीचा फार दोष नाही. स्टॅनफर्डमध्ये 2017 साली 60 जणांवर मनगटावरची सात साधनं तपासली होती. सातांपैकी सहांनी ठोके 5 टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले. कॅलरीत सगळ्यात चांगल्या साधनाची सरासरी चूक 27 टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची 93 टक्के. कारण साधं आहे. शरीर किती ऑक्सिजन वापरतं त्यावर कॅलरी ठरतात, एक लिटर ऑक्सिजनला साधारण 5 कॅलरी. घड्याळ ऑक्सिजन मोजतच नाही. ते ठोके, वेग, वय आणि वजन यांवरून अंदाज बांधतं.

म्हणून पडताळणीचा हिशेब स्वतःला यायला हवा. सपाट रस्त्यावर दोनच आकडे लक्षात ठेवा. चालताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे अर्धी कॅलरी, धावताना एक. 65 किलोचा माणूस तासाला 5 किलोमीटरने एक तास चालला, तर 65 × 5 × 0.5 म्हणजे 162 कॅलरी. हा चालण्याचा निव्वळ खर्च. तो तास खुर्चीत बसून काढला असता तरी 68 कॅलरी गेल्याच असत्या. घड्याळ दोन्ही मिळवून 230 च्या आसपास दाखवतं. दिवसाच्या हिशेबात बसल्या तासाचा खर्च आधीच धरलेला असेल, तर व्यायामाचे म्हणून 230 पुन्हा मिळवायचे नाहीत. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते.

आता दमटपणा. जानेवारीत मांडवीच्या सपाट रस्त्यावर तासाला 8 किलोमीटरच्या वेगाने अर्धा तास धावताना ठोके 130 च्या आसपास राहत. मे महिन्यात तोच रस्ता, तोच वेग, तरी 142. पाय तितकंच काम करतात, पण शरीर तापतं. रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं आणि ते भरून काढायला ठोके वाढतात. ऑक्सिजन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. घड्याळाला हा फरक कळत नाही. प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं असतं, पण कीटेल आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेलं सूत्र लावून पाहिलं की चूक डोळ्यांसमोर येते. या माणसाला अर्ध्या तासाचे जानेवारीत 343 आणि मेमध्ये 398. अंतराच्या हिशेबाने दोन्ही वेळा सुमारे 294 (धावण्याचे 260, बसल्या खर्चाचे 34). म्हणजे 55 कॅलरी निव्वळ उकाड्याच्या.

यावर उपाय आहे. दहाव्या मिनिटाचे ठोके लिहून ठेवा, मग त्याच वेगात चाळिसाव्या मिनिटाचे. वाढ 10 ठोक्यांची असेल तर त्या सूत्राप्रमाणे पुरुषांच्या आकड्यात मिनिटाला दीड कॅलरी आणि स्त्रियांच्या आकड्यात साधारण एक कॅलरी फुगवटा धरायचा. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत सपाट रस्त्यावर आम्ही ठोक्यांवरचा आकडा बाजूलाच ठेवतो आणि अंतरावरून हिशेब करतो. हेच ठोके दुसऱ्या कामाला मात्र फार मोलाचे आहेत. नेहमीच्या वेगात ते 12-15 ने वर गेले तर त्या दिवशी वेग कमी करायचा. दमट हवेत तो इशारा टाळू नये.

घामाबद्दलही बोलायला हवं, कारण टी-शर्ट पिळून काढण्याइतका भिजला की खूप जळलं असं इकडे सर्रास मानतात. एक लिटर घाम कातडीवरून वाळला तर तो 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो, हे खरं. पण ती आधीच तयार झालेली उष्णता असते, तिच्यासाठी वेगळी चरबी जळत नाही. आणि आपल्याकडे घाम वाळत कुठे, तो ठिबकतो. धावून आल्यावर काट्यावर कमी दिसणारं एक किलो हे पाणी असतं आणि ते परत प्यायचंच असतं. कोकम सरबतातली साखर तेवढी मोजावी. ग्लासात चार चमचे म्हणजे 20 ग्रॅम साखर, 80 कॅलरी, म्हणजे 65 किलोच्या माणसाचं जवळजवळ अडीच किलोमीटर चालणं.

पुळणीवर चूक उलट्या दिशेने होते. ओझं घेऊन चालणाऱ्या सैनिकांसाठी पँडॉल्फ यांनी 1977 साली मांडलेल्या सूत्रात जमिनीचा गुणक असतो: पक्का रस्ता 1, मातीचा रस्ता 1.1, सैल वाळू 2.1. कोरड्या पुळणीवर वेग आपोआप उतरतो, समजा तासाला 4 किलोमीटर. सूत्राने तासाच्या 300 कॅलरी येतात. वेग आणि पावलं पाहणारं घड्याळ मात्र 200 च्या आसपास थांबतं. कारण पाय रुतल्यावर काम वाळू सरकवण्यात जातं. टाच खाली जाते, पाऊल मागे घसरतं, पोटरीला प्रत्येक पावलाला ते भरून काढावं लागतं.

आणि पायाखाली कोणती वाळू येईल हे तिथी ठरवते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत सकाळची ओहोटी पाच-सहाच्या सुमाराला असते. पाणी लांब गेलेलं, खाली ओली, घट्ट वाळू, खेकड्यांच्या बारीक गोळ्यांची नक्षी सोडली तर टाचेचा ठसाही नीट उमटत नाही. तिथे रस्त्याचाच हिशेब चालतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, त्याच वेळेला पाणी वर असतं आणि चालणारा सुरूच्या झाडांकडे कोरड्या वाळूत ढकलला जातो. तोच तास, पण खर्च दीडपट. घड्याळाच्या नोंदीत दोन्ही दिवस सारखेच दिसतात. आम्ही नोंदीशेजारी ‘ओली’ किंवा ‘कोरडी’ एवढा एक शब्द लिहितो, आणि कोरडीच्या दिवशी छातीचा पट्टा लावतो. ठोके इथे खरं बोलतात, फक्त उकाड्याचा फुगवटा वजा करायचा. कोरड्या वाळूत सुरुवातीलाच तासभर चालू नका. पहिले दोन आठवडे दहा-पंधरा मिनिटं पुरे, नाहीतर टाचेच्या शिरेला ताण बसतो.

पाखाडी चढताना हिशेब चढाईवरून करायचा. दर 100 मीटर उभ्या चढाईला दर किलो वजनामागे सुमारे 0.9 कॅलरी, ही चालण्याच्या खर्चावर जास्तीची. खालच्या वाडीतून सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) 60 मीटर चढ असेल तर 65 किलोला 35 कॅलरी. पाच फेऱ्या केल्या तर 175. इथे घड्याळाचा दाबाचा सेन्सर चांगलं काम करतो, पण फक्त कोरड्या दिवसांत. पावसात त्याच्या बारीक भोकात पाणी बसतं आणि चढाई मोजणं थांबतं. शिवाय समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळाला आपण 8 मीटर वर गेल्यासारखं वाटतं. जुलैत दाब तीनने पडला तर सपाट रस्त्यावर 25 मीटरची खोटी चढाई नोंदली जाते. निघण्यापूर्वी समुद्राकाठी उंची शून्याजवळ जुळवून घ्यावी. भोकात पिन घालू नये. गोड्या पाण्यात बुचकळून, झटकून, तोंड खाली करून सुकवावं.

बाकीचे प्रकार थोडक्यात. समुद्रात पोहताना मनगटावरचे ठोके विसरा, आणि छातीच्या पट्ट्याचा ब्लूटूथ पाण्यातून जात नाही. संथ ते मध्यम पोहण्याला 5.8 हा मेट गुणक (बसल्या खर्चाच्या किती पट, ते माप) धरून वजन आणि तासांनी गुणावं: 65 किलो, अर्धा तास, 188 कॅलरी. ओढ असेल तर अंतराला अर्थ राहत नाही, वेळच धरावी. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर सायकलला खाडीपर्यंत उतार आणि मग चढ असं सतत चालतं. तिथे वेगावरचा आकडा अगदीच कुचकामी, कारण उताराच्या वेगात पाय रिकामे असतात. सायकलला पॉवर मीटर असेल तर त्यातले किलोज्यूल हेच जवळजवळ कॅलरी समजावेत. या सगळ्यात भरवशाचा आकडा तोच. वजनं उचलताना ठोके वाढतात पण ऑक्सिजन तेवढा लागत नाही, त्यामुळे आकडा फुगतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधाने दबलेले असतात. त्यांनी ठोक्यांवरचा आकडा वापरूच नये.

घड्याळ बांधण्याची पद्धत अर्धी लढाई आहे. मनगटाच्या हाडावर नको, दोन बोटं वर बांधा, पट्टा सरकणार नाही इतका घट्ट. सैल असेल तर सेन्सर रक्ताऐवजी हाताचे हेलकावे मोजतो. ओळखायची खूण सोपी: धावायला लागल्यावर दोन मिनिटांत ठोके एकदम 165-170 वर जाऊन तिथेच चिकटतात, आणि पावलांची मिनिटाची संख्याही तीच असते. तसं दिसलं की थांबा, मनगट पुसा, पट्टा एक भोक आवळा.

ॲपमध्ये वजन दर महिन्याला बदला. कमाल ठोक्यांसाठी 220 वजा वय हे ठोकळ सूत्र असतं. 208 वजा वयाच्या 0.7 पट हे चाळिशीनंतर जास्त जवळ जातं.

खरी पडताळणी वजनकाट्यावर होते, आणि ती प्रत्येकाने एकदा करावी. चार आठवडे रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. खाणं तेलासकट लिहा; खोबरेलाचा एक मोठा चमचा 120 कॅलरी. समजा नोंदींप्रमाणे रोज 400 ची तूट आहे. 28 दिवसांत 11,200, म्हणजे 7,700 ला एक किलो धरून साधारण दीड किलो उतरायला हवं. उतरलं 0.8 किलो. मग खरी तूट रोज 220 होती आणि 180 हिशेबात जास्त धरल्या गेल्या. खाणं काटेकोर लिहिलं असेल तर त्या 180 घड्याळाच्या, आणि पुढच्या महिन्यात त्याच्या आकड्यातून तेवढ्या कमी करायच्या. हे माप ऋतूगणिक बदलतं, म्हणून जानेवारीत एकदा आणि मेमध्ये एकदा काढावं.

टिकाऊपणा: घड्याळ ठीक, चार्जिंगच्या पिना नाजूक. खारट घाम लागलेला असताना चार्जिंगला लावलं की पिनांवर हिरवट थर धरतो. आधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. छातीचा पट्टा लावताना आतली पट्टी पाण्याने ओली करावी, नाहीतर पहिली पाच-सात मिनिटं ठोके उड्या मारतात. वापरून झाल्यावर पट्ट्यावरचं सेन्सरचं बटण काढून ठेवा. ओल्या पट्ट्याला लागलेलं राहिलं तर ते चालूच राहतं आणि सीआर 2032 चा सेल लवकर संपतो. पावसाळ्यात पट्टा पिशवीत कोंबला की चार दिवसांत बुरशी येते. पंख्याखाली उलटा करून वाळवा.