बायग्वानाइड सोडून क्लोरीनवर आलो: नागपूरच्या एका घरच्या पूलचा हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा

घरच्या पूलला क्लोरीन सुरू करून आता हिवाळा, उन्हाळा आणि अर्धाअधिक पावसाळा निघाला. मी समाधानी आहे आणि जुन्या औषधाकडे, म्हणजे क्लोरीनऐवजी वापरल्या जाणाऱ्या बायग्वानाइड या जंतुनाशकाकडे, परत जाणार नाही. पण ज्यांच्याकडे अजून बायग्वानाइड चालू आहे आणि जे बदलायच्या विचारात आहेत, त्यांना मधले काही आठवडे कसे जातात हे आधी कळायला हवं. विकणारे ते सांगत नाहीत. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पूल बेसाकडच्या आमच्या प्लॉटवर, घराच्या मागे आहे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी खोली सव्वा मीटर. म्हणजे ४० घनमीटर, ४०,००० लिटर पाणी. सँड फिल्टर, वर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, एक पाण्याखालचा दिवा. पश्चिमेला मोठा कडुनिंब. वापरणारे मुख्यतः माझे सासरे, म्हणजे बाबा, त्यांच्या गुडघ्यांसाठी. आणि सुट्ट्यांत घरचे नि शेजारचे सगळे पोट्टे.

सुरुवातीला बायग्वानाइड घेतलं ते बाबांसाठीच. क्लोरीनने डोळे जळतात, अंगाला वास येतो, हे त्यांनी सार्वजनिक तलावात पुष्कळ अनुभवलेलं. बायग्वानाइड हे लांब साखळीचं रसायन जंतूच्या आवरणाला चिकटून ते फोडतं. त्याला वास नाही आणि उन्हाने ते उडून जात नाही. नागपूरसारख्या गावात ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे, आणि पहिली काही वर्षं पाणी खरोखर छान होतं. ते औषध वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

अडचण अशी की ते जंतू मारतं, पण घाण जाळत नाही. घाम, तेल, कडुनिंबाचा मोहोर, धूळ, हे सगळं जाळायला दर महिन्याला हायड्रोजन पेरॉक्साइड टाकावं लागतं, आणि शेवाळासाठी तिसरं एक औषध वेगळं. पेरॉक्साइडचा कॅन २७ टक्क्यांचा. थेंब हातावर पडला तर कातडी पांढरी पडते आणि झोंबते. वर्षं गेली तसा शिडीच्या मागे आणि पाणी परत येणाऱ्या तोंडांशी गुलाबी बुळबुळीत थर धरायला लागला. मग पाण्यात पांढरे लिबलिबीत तुकडे तरंगायला लागले, ती बुरशी. या औषधाला दाद न देणारे जंतू आणि बुरश्या हळूहळू पूलमध्ये घर करतात, हा या पद्धतीचा सगळीकडे दिसणारा दोष आहे. फिल्टरची वाळू चिकट होऊन गोळे बांधत होती. बॅकवॉश करूनही, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुऊनही, प्रेशर खाली येईना. आणि माल बाहेरगावाहून यायचा. विक्रेता ऐन मे महिन्यात ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ म्हणायचा. घरातली सर्वांत म्हातारी आणि सर्वांत लहान माणसं ज्या पाण्यात उतरतात, त्याच्या औषधासाठी असं ताटकळत बसणं मला पटेना.

दिवाळीनंतर, हवा थंडावल्यावर काम काढलं. ही वेळ मुद्दाम निवडली. तेव्हा पोहणारं कोणी नसतं, ऊन कोवळं असल्याने टाकलेला क्लोरीन त्यातल्या त्यात टिकतो, आणि पाणी बदलायचं झालं तर टंचाई नसते.

बायग्वानाइड आणि क्लोरीन एकत्र नांदत नाहीत. बायग्वानाइड शिल्लक असलेल्या पाण्यात क्लोरीन पडला की तो ते जाळायला लागतो; पाणी पिवळं, हिरवट, तपकिरी होतं आणि चिकट गाळ सुटतो. पेरॉक्साइडही क्लोरीनला खातं. दोघं एकमेकांना संपवून मागे ऑक्सिजन, मीठ आणि पाणी ठेवतात. म्हणून आधी महिनाभर जुनी औषधं पूर्ण बंद ठेवली. मग निम्मं पाणी काढून टाकलं. हे पाणी पावसाच्या नालीत किंवा तलावाकडे जाणाऱ्या नाल्यात सोडू नका. बायग्वानाइड माशांना घातक आहे. आम्ही ते थोडंथोडं करून सांडपाण्याच्या लाइनला लावलं. नंतर नळाच्या पाण्याने पूल भरला.

त्यानंतर हायपो, म्हणजे १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट. आमच्या पूलला १ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीन वाढवायला ४० ग्रॅम लागतो, म्हणजे साधारण ४०० मिलिलिटर हायपो. बदलाच्या काळात पातळी १५ पीपीएमच्या आसपास चढवत राहावी लागते. शून्यावरून तिथवर जायला सहा लिटर. पहिल्या संध्याकाळी टाकलं आणि सकाळी साफसफाईला येणाऱ्या दादांनी हाक मारली, “ताई, पाणी तं चहावानी दिसून राह्यलं!” रंग खरंच तसा होता. हे होणार हे माहीत असेल तर घाबरायला होत नाही. माहीत नसेल तर माणूस पूल रिकामा करायला धावेल.

मग रोजचा एकच क्रम. संध्याकाळी क्लोरीन चढवायचा, पंप रात्रभर चालू, सकाळी मोजायचा, बॅकवॉश, ब्रश. पहिल्या आठवड्यात रात्री टाकलेलं सकाळपर्यंत शून्य. दिवसातून दोन-तीनदा बॅकवॉश, कारण तो गाळ वाळूत अडकून फिल्टर कोंडतो. हळूहळू तपकिरीचं हिरवट झालं, हिरवटाचं दुधी, आणि मग तळाच्या टाइल्स दिसायला लागल्या. पाण्याखालचा दिवा स्क्रू काढून बाहेर घ्या, मेन स्विच बंद करून. आमच्याकडे त्याच्या मागच्या खोबणीत जुन्या चिकट थराचा मोठा साठा निघाला, आणि तो काढल्यावरच क्लोरीन टिकायला लागला. शिडीचे पोकळ पाइप, स्किमरचं झाकण, व्हॅक्यूमची नळी, सगळं क्लोरीनच्या पाण्याने धुवावं लागतं.

झालं कधी म्हणायचं? रात्रभरात क्लोरीन १ पीपीएमपेक्षा जास्त उतरला नाही आणि पाणी नितळ आहे, तेव्हा. त्याच्यानंतर फिल्टरची वाळू बदलायची, आधी नाही. आधी बदललीत तर उरलेला गाळ नवी वाळूही खराब करतो. जुनी वाळू फावड्याने फोडून काढावी लागली, इतकी चिकटली होती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात वाळू वाचवायचा विचार करणं सर्वांत महागात पडेल.

आता खरा विषय, आपलं ऊन.

पूल स्वच्छ झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस त्यात स्टॅबिलायझर नव्हता. सकाळी ४ पीपीएम असलेला क्लोरीन दुपारच्या जेवणापर्यंत जवळपास संपायचा, तोही थंडीत. नुसत्या पाण्यातला क्लोरीन भर उन्हात तासाभरात निम्म्यावर येतो, आणि मे महिन्यात ४५ अंश ही नागपूरला नेहमीची गोष्ट. म्हणून हा स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक अॅसिड टाकायचं. ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि लागेल तसा सोडतं. ३० पीपीएमसाठी आमच्या पूलला १ किलो २०० ग्रॅम लागलं. ते लवकर विरघळत नाही. मोज्यात भरून पाणी येणाऱ्या तोंडासमोर टांगलं. उन्हाळ्यासाठी ते ४० ते ५० च्या दरम्यान ठेवलं. त्याहून वर नेऊ नये, कारण मग तेच क्लोरीनला इतकं घट्ट धरतं की त्याचं काम मंदावतं. ५० सायन्युरिक असेल तर मी क्लोरीन ४ च्या खाली जाऊ देत नाही.

इथेच टीसीसीएच्या गोळ्यांचा प्रश्न येतो. दुकानदार पहिल्यांदा त्याच हातात देतात: २०० ग्रॅमची गोळी, तरंगत्या डब्यात टाका आणि विसरा. सोयीची आहे यात वाद नाही. पण टीसीसीए हा क्लोरीन आणि सायन्युरिक यांचाच संयोग आहे. दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक पाण्यात जमा होतं आणि ते उडत नाही. उन्हाळ्यात रोज ३ पीपीएम क्लोरीन खर्च होत असेल आणि तो सगळा गोळ्यांतून दिला, तर एका महिन्यात सायन्युरिक ५० ने वाढतं. मग जूनमध्ये ‘क्लोरीन भरपूर आहे तरी शेवाळ का’ हा प्रश्न पडतो, आणि पाणी बदलण्याशिवाय उपाय उरत नाही, तोही पाण्याच्या ऐन ओढीच्या दिवसांत. आमच्याकडे गोळ्या फक्त गावाला जाताना वापरतो. एरवी रोज संध्याकाळी हायपो: थंडीत अर्धा लिटर पुरायचा, एप्रिल-मेमध्ये एक लिटर ते सव्वा लिटर. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्याहून थोडं जास्त लागलं.

संध्याकाळीच का, हे उघड आहे. रात्रभर ऊन नाही, क्लोरीनला पूर्ण वेळ काम करता येतं, आणि सकाळी बाबा उतरतात तेव्हा पातळी हवी तिथे बसलेली असते.

हायपो ताजा घ्या. तो उन्हात आणि उष्णतेत आपोआप निकामी होतो. पत्र्याच्या शेडमध्ये पडलेला कॅन काही आठवड्यांतच निम्म्या ताकदीचा होतो. मी इतवारीतल्या ज्या दुकानातून घेते तिथे भरल्याची तारीख विचारते, आणि उन्हाळ्यात पंधरवड्यापुरताच आणते. घरी तो जिन्याखाली, सावलीत.

पीएचकडे क्लोरीनइतकंच लक्ष लागतं. साध्या पाण्यात पीएच ७.५ असताना जवळपास निम्मा क्लोरीन जोरकस रूपात असतो, ८ वर पाव भागाच्या आसपास उरतो. मे महिन्यात पूलमधून दिवसाला जवळजवळ बोटभर पाणी उडतं. भर बोअरच्या पाण्याची घातली तर ते जड पाणी, क्षार साचत जातात, पीएच वर सरकतो आणि टाइल्सच्या कडेला पांढरी रेघ धरते. म्हणून भर शक्यतो नळाच्या पाण्याची, आणि आठवड्यातून एकदा थोडं हायड्रोक्लोरिक अॅसिड, पंप चालू असताना, खोल बाजूला, सावकाश. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राहिला की डोळ्यांची तक्रार येत नाही.

बाबांना ज्या वासाची भीती होती तो आमच्या पूलला नाही. तो झोंबणारा वास क्लोरीन जास्त झाल्याने येत नाही. घाम आणि लघवीशी संयोग होऊन क्लोरीन अडकतो, त्या क्लोरामाइन्सचा तो वास असतो. गर्दीच्या तलावात ताजा क्लोरीन कमी पडला की येतो. आमच्याकडे पूलमध्ये उतरण्याआधी अंगावर पाणी घेणं सक्तीचं केलं. सुरुवातीला पोट्टे कुरकुरले, आता सवय झाली. बाबांची कातडी थोडी कोरडी पडते हे खरं. पोहून आल्यावर लगेच आंघोळ आणि खोबरेल तेल, एवढ्यावर भागतं. पोहण्याचे कपडे मात्र फिके पडताहेत.

साठवणीबद्दल कळकळीने सांगते. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं दुसरं, कोरडं रूप) कधीही एकत्र येऊ देऊ नका, एकाच चमच्यानेसुद्धा काढू नका. आग लागते, स्फोट होऊ शकतो. हायपो आणि अॅसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि तो बंद खोलीत जीव घेतो. आमच्याकडे अॅसिड कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला, कुलपात ठेवलं आहे. कामाला येणाऱ्या माणसाला हे एकदा सांगून भागत नाही, डब्यांवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून ठेवा.

टेस्ट किटवर पैसे खर्च करा. स्वस्त किटमध्ये पाणी पिवळं होतं आणि एकूण क्लोरीन कळतो, मोकळा किती नि अडकलेला किती हे कळत नाही. डीपीडीचं किट घ्या. सायन्युरिकसाठी वेगळी नळी मिळते. पाणी ढगाळ होऊन तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ओतायचं आणि आकडा वाचायचा. मला या पद्धतीत सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे, की पाच मिनिटांत कळतं आज पाणी बाबांसाठी सुरक्षित आहे की नाही. खर्चही उतरला, वाळू आणि किट धरूनही.

मिठाच्या मशीनचा विचार झाला होता. त्याला ‘क्लोरीनमुक्त’ म्हणून विकतात ते खरं नाही. ते मशीन मिठापासून तिथल्या तिथे क्लोरीनच बनवतं. जड पाण्यात त्याच्या प्लेट्सवर क्षार चढतात, म्हणून सध्या नको म्हटलं.

पावसाळ्यात वेगळंच चित्र. ढगाळ दिवसांत क्लोरीन कमी खर्च होतो, पण एका मोठ्या पावसात पूल काठोकाठ भरून वाहतो आणि सायन्युरिक, क्षार सगळंच पातळ होतं. जुलैच्या शेवटी मोजलं तर सायन्युरिक २० वर आलेलं. आत्ता भरत नाही. पाऊस थांबला की दसऱ्याच्या सुमारास ३० वर नेईन, ऑक्टोबरच्या उन्हाआधी. पावसानंतर लगेच जाळी मारायची, कडुनिंबाची पानं तळाला बसू द्यायची नाहीत, आणि त्या संध्याकाळी हायपो थोडा वाढवायचा. या पावसात अजून शेवाळ आलेलं नाही.

बदलायचं ठरवलं असेल तर हायपो, डीपीडी किट आणि नवी वाळू दिवाळीआधीच आणून ठेवा, आणि जुन्या औषधाचा नवा कॅन मागवू नका. रोज दहा मिनिटं द्यायला घरात कोणीच नसेल, तर मात्र आधी त्या माणसाची सोय करा, मग क्लोरीन आणा.